जुन्या टर्बो गाडीत ट्विन-कॅम इंजिन: बेत कुठून सुरू करायचा

इंजिन बदलायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास एकच येतो: कुठलं इंजिन घालू? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. इंजिन ही गाडीत नुसती आणून ठेवायची वस्तू नाही. ते माउंटांवर टेकतं, गिअरबॉक्सला बोल्टने आवळलं जातं. रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची लाइन, ब्रेकचा बूस्टर, स्पीडोमीटर आणि वायरिंग यांच्याशीही त्याचा संबंध असतो. यातल्या प्रत्येक जोडावर जुनी गाडी आणि नवं इंजिन यांचं जमावं लागतं. अर्धवट सोडलेल्या स्वॅपच्या गाड्या पाहाव्यात. इंजिन खराब निघालं म्हणून काम थांबलं, असं क्वचितच दिसेल. काम अडतं ते अशाच एखाद्या जोडावर, ज्याचा विचार इंजिन विकत घेताना कुणी केलेला नसतो.

म्हणून बेत आखायचा तो या जोडांकडून इंजिनाकडे, उलट दिशेने. पण त्याआधी ट्विन-कॅमने मिळतं काय, हे नीट कळायला हवं. कारण काही जणांना ते कळल्यावर स्वॅप करायची गरजच उरत नाही.

दोन कॅमने होतं काय?

सिलिंडरमध्ये हवा घेणारे आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅमशाफ्टचं. सिंगल-कॅम इंजिनात हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या वर बसणाऱ्या भागावर, एकच कॅमशाफ्ट दोन्ही कामं करतो. ट्विन-कॅममध्ये इनटेकला एक आणि एक्झॉस्टला एक. मूळ फरक एवढाच.

ही कल्पना नवी नाही. प्यूजोच्या १९१२ च्या ग्रां प्री गाडीत दोन कॅम होते आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्हही होते. पण दोन कॅम म्हणजे चार व्हॉल्व्ह असं समीकरण मांडता येत नाही. जॅग्वारचं १९४८ चं एक्सके इंजिन ट्विन-कॅम, पण दर सिलिंडरला व्हॉल्व्ह दोनच. फियाटचं १९६६ चं ट्विन-कॅमही तसंच. उलट होंडाने एकाच कॅमवर चार व्हॉल्व्ह चालवणारी कितीतरी इंजिनं विकली. तेव्हा झाकणावर 'डीओएचसी' (हेडवर दोन कॅम) लिहिलेलं बघून हुरळून जाऊ नये. खरा फायदा चार व्हॉल्व्हचा आणि मधोमध बसणाऱ्या प्लगचा आहे. दोन कॅम असले की हे दोन्ही साधणं सोपं जातं, शिवाय इनटेक आणि एक्झॉस्टचं टायमिंग वेगवेगळं हलवता येतं.

थोडा हिशेब करू. समजा, जुन्या हेडमध्ये इनटेकचा एकच व्हॉल्व्ह आहे, व्यास ४४ मिलिमीटर. त्याचा परीघ साधारण १३८ मिलिमीटर. त्याच्या जागी ३४ मिलिमीटरचे दोन व्हॉल्व्ह आले तर दोघांचा मिळून परीघ २१४ मिलिमीटरच्या जवळ जातो. व्हॉल्व्ह उघडू लागतो तेव्हा हवा त्याच्या कडेभोवतीच्या फटीतून आत शिरते, म्हणून इथे परिघाला महत्त्व. तेवढ्याच लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढाच उचलला तरी, दीडपटीहून जास्त वाट मोकळी झाली.

प्लग मधोमध असण्याचा फायदा टर्बो गाडीत जास्त जाणवतो. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोचायच्या आतच तिथलं मिश्रण स्वतःहून भडकलं तर त्याला नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनांचे पिस्टन फुटतात ते बहुधा यानेच. प्लग मध्यावर असला की ज्योतीला सगळीकडे सारखंच आणि कमी अंतर कापावं लागतं, मिश्रण लवकर जळून जातं आणि नॉकिंगला वेळच कमी मिळतो.

आता टर्बोकडे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, आणि त्याने दिलेला जादा दाब म्हणजे बूस्ट. बूस्टचं मीटर हवा मोजत नाही, दाब मोजतं, हे फार जण विसरतात. अरुंद दारातून गर्दी ढकलली की रेटा खूप जाणवतो, आत मात्र थोडेच लोक पोचतात. तंग हेडच्या इंजिनात १ बार बूस्ट दिसतो, त्यातला काही भाग त्या तंगीचाच असतो. मोकळं हेड बसवलं की तेवढीच हवा कमी बूस्टवर आत जाते, आणि बूस्ट तेवढाच ठेवला तर हवा जास्त जाते. गंमत अशी, की जुन्या गाडीचा लहान टर्बो तसाच ठेवला तर वरच्या आरपीएमला तोच कमी पडू लागतो. हेड मोकळं झालं आणि तंगी टर्बोत जाऊन बसली, असं होतं. त्यामुळे 'टर्बो जुनाच वापरू, पैसे वाचतील' हा विचार ट्विन-कॅमच्या बाबतीत बहुधा टिकत नाही.

आकडे आधी बघा, मग हौस

१९८८ ची मित्सुबिशी स्टारिअन घ्या. अमेरिकेत तीच गाडी क्रायस्लरने कॉन्क्वेस्ट नावाने विकली. इंटरकूलर (टर्बोतून तापून येणारी हवा थंड करणारा भाग) असलेल्या प्रकारात २,५५५ सीसीचं सिंगल-कॅम टर्बो इंजिन ५,००० आरपीएमला १८८ एचपी आणि २,५०० आरपीएमला सुमारे ३१७ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. त्याच कंपनीचं ट्विन-कॅम ४जी६३ टर्बो, १,९९७ सीसीचं, अमेरिकेतल्या १९९० च्या एक्लिप्स जीएसएक्समध्ये ६,००० आरपीएमला १९५ एचपी आणि ३,००० आरपीएमला सुमारे २७५ न्यूटन-मीटर देत होतं.

म्हणजे कारखान्यातून आलं तसंच ट्विन-कॅम उचलून स्टारिअनमध्ये बसवलं, तर कमाल ताकद जेमतेम ७ एचपीने वाढणार आणि रोजच्या चालवण्यात लागणारा खालचा टॉर्क घटणार. एवढी उठाठेव करून गाडी सिग्नलवरून आधीपेक्षा मंद निघाली, तर मालकाला वाईट वाटेल.

मग लोक हा स्वॅप का करतात? कारण कारखान्याचा आकडा हा त्या इंजिनाचा शेवट नसतो. ४जी६३ चं हेड वरच्या आरपीएमला मोकळं श्वास घेतं, ब्लॉक मजबूत आहे, आणि सुटे भाग, पिस्टन, कॅम, गॅस्केट जगभर मिळतात. स्टारिअनच्या २.६ लिटर इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली जातो ते अंतर, ९८ मिलिमीटरचा, त्यामुळे ते फार वर फिरवायचं इंजिनच नव्हे. हेडला तडे जाण्याचीही त्याची ख्याती आहे. ज्याला ३०० एचपीच्या पुढे जायचंय त्याच्यासाठी ट्विन-कॅमला अर्थ आहे. ज्याला २२० एचपीवर समाधान आहे, त्याने जुन्याच इंजिनाला चांगला इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट आणि आजच्या काळातला ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) द्यावा. हे मी अगदी ठामपणे सांगतो. कारण या तीन गोष्टींनी १९८० च्या दशकातली बरीचशी टर्बो इंजिनं आश्चर्य वाटावं इतकी सुधारतात, आणि गाडी महिनोन् महिने जॅकवर उभी राहत नाही.

आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी. साब ९०० टर्बोचं आठ व्हॉल्व्हचं १,९८५ सीसी इंजिन १४५ एचपीचं होतं. १९८४ मध्ये त्याच क्षमतेचं सोळा व्हॉल्व्हचं ट्विन-कॅम इंजिन १७५ एचपीचं आलं. सगळं श्रेय हेडला द्यायचा मोह होतो. पण त्याच वेळी गाडीत इंटरकूलरही आला होता.

तीन वाटा

पहिली वाट: ब्लॉक जुनाच ठेवायचा, त्याच घराण्यातलं ट्विन-कॅम हेड त्यावर चढवायचं. व्होल्वो हे याचं उत्तम उदाहरण. ७४० टर्बोमधलं बी२३०एफटी हे आठ व्हॉल्व्हचं, आणि बी२३४एफ हे सोळा व्हॉल्व्हचं ट्विन-कॅम, पण टर्बो नसलेलं. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९६, स्ट्रोक ८० मिलिमीटर, क्षमता २,३१६ सीसी. साहजिकच एकाचं हेड दुसऱ्यावर बसवण्याची कल्पना सुचते, आणि ती चालतेही. माउंट, गिअरबॉक्स, सम्प (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) सगळं जागच्या जागी राहतं, हा मोठा फायदा. म्हणजे जोडांचे निम्मे प्रश्न निकालात निघाले.

पण हेडबरोबर नव्या अटी येतात. आठ व्हॉल्व्हच्या बी२३० मध्ये टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत. सोळा व्हॉल्व्हच्या बी२३४ मध्ये लागतात आणि वाकतात. म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हपुरत्या खाचा हव्यात आणि बेल्ट वेळेवर बदलण्याची शिस्तही हवी. बी२३४एफ चा ऑइल पंप टायमिंग बेल्टवर चालतो, बी२३० चा सम्पमध्ये असतो आणि वेगळ्या शाफ्टवर चालतो; बेल्टची मांडणी ठरवताना याचा विचार करावा लागतो. कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो याचा, प्रश्नही याच वाटेवर भेटतो. बी२३०एफटी चं ८.७, बी२३४एफ चं १०. दहाच्या कॉम्प्रेशनवर मोठा बूस्ट देणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण, म्हणून पिस्टन निवडतानाच ते खाली आणायचं. हेड जाड गॅस्केट घालून उंच करणं हा सोपा उपाय दिसतो, पण त्याने पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यातली पट्टी रुंदावते आणि मिश्रण नीट घुसळलं जात नाही. पैसे पिस्टनवर घालवा.

दुसरी वाट: त्याच कंपनीचं, कारखान्यातूनच टर्बो म्हणून बनलेलं पूर्ण ट्विन-कॅम इंजिन. मला ही वाट सगळ्यात शहाणपणाची वाटते. कॉम्प्रेशन आधीच कमी, पिस्टनवर खालून तेल उडवणारे नोझल बहुधा आहेत, टर्बोला तेल द्यायची आणि तिथून परत घ्यायची भोकं ब्लॉकमध्ये तयार आहेत, ईसीयूला बूस्टची सवय आहे.

तिसरी वाट म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं इंजिन, ॲडॉप्टर प्लेट लावून. इथे प्रत्येक जोड स्वतः घडवावा लागतो. एक मजेशीर अडचण सांगतो. बहुतेक इंजिनांचा क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) एका ठरावीक दिशेने फिरतो, पण होंडाची जुनी बी आणि एच मालिकेतली इंजिनं उलटी फिरतात. ती दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडली तर गाडीला पुढे जायला एक आणि मागे जायला पाच गिअर मिळतील. होंडाची पुढची के मालिका मात्र इतरांसारखीच फिरते.

साबसारख्या गाडीत तर तिसऱ्या वाटेचा विचारच सोडावा. जुन्या ९०० मध्ये इंजिन ४५ अंशांत कललेलं आहे आणि गिअरबॉक्स थेट त्याच्या खाली बसलेला. तिथे परकं इंजिन म्हणजे जवळजवळ नवी गाडी बांधणं.

गिअरबॉक्सपासून सुरुवात

इंजिन ठरवायच्या आधी गिअरबॉक्स ठरवावा, असं मी म्हणतो. जुना गिअरबॉक्स नवा टॉर्क झेपवणार का? झेपवणार असेल तर त्याच्या बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला लागणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट ज्या इंजिनाला जुळतात, तेच इंजिन आधी शोधा. झेपवणार नसेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच आणा. मग गिअर लिव्हर कुठे बाहेर येतो, मागचा क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा आधार) कुठे लागतो आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी किती, हे प्रश्न उभे राहतात.

बेलहाउसिंग जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. इनपुट शाफ्टवरच्या खाचा क्लच प्लेटला जुळायला हव्यात. शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोचायला हवं, पण तळाला टेकायला नको. फ्लायव्हीलच्या दात्यांना सेल्फ बरोबर भिडायला हवा. क्लच दाबणाऱ्या बेअरिंगला पुरेसा प्रवास मिळायला हवा. ॲडॉप्टर प्लेट मध्ये आली की या सगळ्या मापांत प्लेटच्या जाडीइतका फरक पडतो.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मध्यबिंदू. क्रँकचा अक्ष आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा अक्ष एका रेषेत हवेत. डायल गेज लावून बेलहाउसिंगचं भोक मोजायचं; गेजवरचा फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत असावा, असा जुना दंडक आहे. हे न बघता बसवलेली गाडी चालते, पण क्लच प्लेट आणि इनपुट बेअरिंग वरचेवर जातात आणि दोष कुणाचा ते कळतच नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन थोडं वर किंवा मागे सरकवलं की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे आणि साधारण ३ अंशांच्या आत ठेवले की थरथर होत नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत हाच प्रश्न ड्राइव्ह शाफ्टच्या लांबीचा होतो.

बॉनेटखालची जागा

ट्विन-कॅम हेड रुंद असतं आणि बऱ्याचदा उंचही. ब्लॉक सहज बसतो, हेड लावल्यावर बॉनेट लागत नाही, असा अनुभव नेहमीचा. पण उंचीपेक्षा मला बाजूंची काळजी जास्त वाटते. एक्झॉस्ट आणि टर्बो कुठल्या बाजूला येतात? त्याच बाजूला स्टिअरिंगचा शाफ्ट आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर असेल तर उष्णतेचा प्रश्न गंभीर होतो. स्टिअरिंग कुठल्या बाजूला हे देशागणिक बदलतं. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत कुणी सहज बसवलेला टर्बो उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत शाफ्टवरच आदळतो. दुसऱ्याच्या स्वॅपचे फोटो बघताना स्टिअरिंग आधी बघावं.

मूळच्या गाडीत आडवं बसणारं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं की हेडच्या मागच्या टोकाला असलेला डिस्ट्रिब्यूटर किंवा कॅम सेन्सर थेट फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) भिडतो. फायरवॉल ठोकून खोलगट करणं हा शेवटचा उपाय. त्याआधी कॉइल प्रत्येक प्लगवर नेऊन डिस्ट्रिब्यूटर काढून टाकता येतो का, ते बघावं.

सम्पचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, यावर तो गाडीच्या क्रॉसमेंबरला लागणार की नाही ते ठरतं. सम्प कापून नवा घडवला तर तेल ओढणारी नळीही बदलावी लागते. तिचं तोंड आणि सम्पचा तळ यांतलं अंतर मूळ मापाइतकंच ठेवा. तेल फार कमी ठेवलं आणि जोरात वळण घेतलं, की नळी हवा ओढते.

टर्बोच्या तेलाचा निचरा फक्त उतारावर होतो. टर्बोत तेल दाबाने जातं, पण तिथून ते फेसाळून, आपल्या वजनाने खाली येतं. परतीची नळी रुंद हवी, सरळ खाली उतरणारी हवी आणि सम्पमधल्या तेलाच्या पातळीच्या वर शिरायला हवी. एखादं वळण जरी वर चढलं तर तेल टर्बोत साठतं, सीलमधून गळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग लोक टर्बो बदलत बसतात. मूळचं टर्बो नसलेलं ट्विन-कॅम घेतलं असेल तर ही परतीची जागा ब्लॉकमध्ये किंवा सम्पमध्ये स्वतः करावी लागते, हे आधीच धरून चाला.

माउंट रबराचेच ठेवा. जोर लावल्यावर इंजिन डोलतं, म्हणून पाइप, पंखा आणि बॉनेट यांपासून निदान २० ते २५ मिलिमीटर मोकळीक ठेवावी लागते.

मापं घ्यायला चांगली युक्ती म्हणजे आतले भाग काढलेला रिकामा ब्लॉक आणि एखादं टाकाऊ हेड. वजन कमी, दहा वेळा उचलून ठेवता येतं, आणि चांगलं इंजिन झाकलेलंच राहतं.

हवा आणि पेट्रोलचा हिशेब

हा भाग कागदावर आधीच सुटतो, म्हणून टाळू नये. २ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ६,००० लिटर हवा ओढतं, कारण दर दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतात. १ बार बूस्ट आणि चांगला इंटरकूलर असेल तर ती हवा वजनाने मिनिटाला १२ किलोच्या आसपास भरते. टर्बोच्या कॉम्प्रेसर मॅपवर (किती हवेला आणि दाबाला टर्बो किती नीट चालतो ते दाखवणारा आलेख) हा बिंदू, म्हणजे दाबाचं गुणोत्तर २ आणि एवढी हवा, कुठे पडतो ते बघा. मधल्या चांगल्या भागात पडला तर टर्बो योग्य. उजव्या कडेला पडला तर तो हवा तापवण्यातच ताकद घालवणार.

पेट्रोलचं गणित त्याहून सोपं. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर एचपीला तासाला सुमारे ०.२७ किलो पेट्रोल लागतं असं धरतात. २५० एचपी हवी असेल तर ६७-६८ किलो, म्हणजे साधारण ९१ लिटर तासाला. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला ३८० सीसी. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो. ८५ टक्के धरले तर ४५० सीसीचा इंजेक्टर लागतो.

पंप निवडताना डब्यावरचा आकडा पुरत नाही. रेग्युलेटर इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर बूस्टबरोबर पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढतो: मुळात ३ बार, वर १ बार बूस्ट, म्हणजे ४ बार. दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. नेमकं जास्त पेट्रोल हवं असतं तेव्हाच. तेव्हा ४ बारला, आणि पंपापर्यंत खरोखर पोचणाऱ्या व्होल्टेजला, पंप किती देतो ते विचारा. जुन्या गाडीच्या बारीक, गंजलेल्या वायरवर चांगला पंपही उपाशी राहतो. रिले आणि जाड वायर टाकणं हे स्वस्तातलं काम आहे.

वायरिंग

इथे बहुतेकांचा उत्साह मावळतो. दोन पर्याय असतात. इंजिनाबरोबर आलेला मूळ ईसीयू आणि हार्नेस (वायरांचा जुडगा) वापरायचा, किंवा स्वतंत्र प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू लावायचा.

मूळ ईसीयूचा फायदा असा की थंड इंजिन सुरू होणं, आयडलिंग, नॉकिंग ओळखणं हे सगळं कारखान्यात बसवून आलेलं असतं. तोटा असा की तो आपल्या मूळ गाडीची आठवण काढत राहतो. इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या कुलपाची) चावी मागतो, स्पीड सेन्सरचा सिग्नल मागतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधतो. स्वतंत्र ईसीयू यातलं काही मागत नाही, पण सगळं कोऱ्या पाटीवरून ट्यून करावं लागतं, आणि चांगला ट्यूनर मिळेपर्यंत गाडी उभी. माझं मत: इंजिन फारसं बदललेलं नसेल तर मूळ ईसीयू, कॅम, इंजेक्टर, टर्बो सगळंच बदलणार असाल तर स्वतंत्र.

यासाठीच सुटं इंजिन घेण्यापेक्षा अपघातात सापडलेली पूर्ण गाडी मिळाली तर बघा. हार्नेस कापलेला नसतो, ईसीयू आणि चावी जोडीने मिळतात, सेन्सरचे कनेक्टर, होज, क्लिपा, ब्रॅकेट सगळं हाताशी राहतं. आणि इंजिन चालू करून ऐकता येतं, कॉम्प्रेशन मोजता येतं. सुट्या इंजिनाच्या बाबतीत विकणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवण्यापलीकडे काही हाती नसतं.

जुन्या मीटरचीही सोय बघावी लागते. आरपीएमचं मीटर कॉइलवरून सिग्नल घेत असेल आणि नव्या इंजिनाला चार कॉइल असतील, तर ते एकतर गप्प बसतं किंवा भलतंच दाखवतं.

गाडी उघडण्याआधी

कागदपत्रं आधी. बऱ्याच देशांत इंजिन नंबर नोंदणीत असतो, इंजिन बदलायला परवानगी किंवा तपासणी लागते, आणि प्रदूषणाचे नियम इंजिनाच्या वर्षावरून लागतात की गाडीच्या, हे जागोजागी वेगळं आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला स्वॅप अपघातानंतर अंगाशी येतो. हे सगळं इंजिनासाठी पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

ब्रेक, सस्पेन्शन, रेडिएटर हे जुनं इंजिन गाडीत असतानाच नीट करून घ्या. गाडी चालत असताना हे काम होतं; एकदा इंजिन उतरवलं की सगळं लक्ष तिकडेच जातं. ब्रेक बूस्टरची व्हॅक्युम लाइन नव्या मॅनिफोल्डवर कुठून घेणार, आणि बूस्टचा दाब बूस्टरमध्ये शिरू नये म्हणून तिच्यात एकेरी व्हॉल्व्ह आहे ना, तेही तेव्हाच बघावं.

पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून सेल्फवर इंजिन फिरवत राहायचं, ऑइलचा दाब मीटरवर दिसेपर्यंत. टर्बोच्या तेलाच्या तोंडातही आधी थोडं तेल ओतून ठेवावं. मग सुरू करून गळती बघायची. बूस्ट कंट्रोलर बाजूला ठेवून वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) नुसती स्प्रिंग जेवढा देईल तेवढ्याच बूस्टवर ट्यूनिंगला न्यायचं, वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावूनच.

आणि एक वही ठेवायची. वरचा रेडिएटर होज कुठल्या मॉडेलचा बसला, डायनॅमोचा बेल्ट किती लांबीचा, क्लच प्लेट कुठल्या गाडीची, कुठला सेन्सर कुठल्या रंगाच्या वायरवर. या गाडीचा पार्ट नंबर आता कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडणार नाही, आणि होज फुटल्यावर दुकानदार पहिला प्रश्न विचारणार तो गाडीच्या मॉडेलचा. वहीची एक प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रस्त्यात गाडी बंद पडली तर ती उघडणारा मेकॅनिक दुसराच कुणी असेल.